यादीत नसलेला लेख

मी ब्लॉग लिहायला लागले तेव्हा घरात कॉम्प्युटर येऊन वर्षही झालं नव्हतं. राजारामपुरीत आम्ही दोघं नवरा-बायको दोन खोल्यांत राहायचो आणि मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. घरी आले की तासभर टाइप करायचं. स्टाफरूममधली कुरबूर, मंडईतली भांडणं, नवऱ्यानं मला स्कूटर शिकवायचा केलेला प्रयत्न, असलंच काहीतरी. वाचणारे पंधरा-वीस जण असतील. त्यातले एक माझे वडील.

आप्पा कुरुंदवाडला एकटेच असायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनकडे बघितलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिथं टायपिंगचे क्लास घेणाऱ्या एका बाईंनी क्लासमध्येच इंटरनेट सुरू केलं होतं. त्या आप्पांना माझे लेख छापून द्यायच्या. पण नवा कुठला, जुना कुठला, हे त्यांना कळेना. एकदा त्यांनी तेच चार लेख दुसऱ्यांदा छापले. म्हणून मी महिनाअखेरीला एक वेगळं पान टाकायला लागले. त्या महिन्यात लिहिलेल्या लेखांची यादी, नावावर क्लिक केलं की लेख उघडणार. बाई एकेक उघडून छापायच्या.

यावरून एका वाचकानं मला टोकलंही. 'आपल्याच लेखांची यादी आपणच लावायची, हा कसला सोस? ज्याला वाचायचं तो शोधून वाचेल.' वडिलांसाठी करते, असं लिहायची मला लाज वाटली. यादी मात्र टाकत राहिले.

त्या वर्षी दिवाळीनंतर अंघोळ करताना डाव्या काखेजवळ हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. आईचीही दुखली नव्हती. आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

नवऱ्याला सांगायला मी चार दिवस घेतले. डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं, सुईनं नमुना काढला आणि म्हणाल्या, "रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. तोवर उगाच काही मनात आणू नका."

फळ्यावर लिहिताना हात वर गेला की तिथं काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. खरंच ओढायचं की मला वाटायचं, कुणास ठाऊक. समीकरण अर्धं लिहून मी थांबायचे आणि मुलं पेन धरून वाट बघत बसायची. एका दुपारी घरी येऊन मी सगळं टाइप केलं. समोर कुणाचा चेहरा नव्हता म्हणूनच जमलं. लेखाला नाव दिलं 'गाठ' आणि टाकून दिला.

चार दिवसांनी महिना संपला. रिपोर्ट आला नव्हता. लेख नऊ झाले होते, यादीत मी आठच घातले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी दार वाजलं. आप्पा पहिल्या एस.टी.नं आले होते, न कळवता. त्यांनी चहाचा कप घेतला. मग पिशवीतून छापलेले कागद काढले.

"आठ हाईत," ते म्हणाले. "बाईंनी सगळे दिले." मग एका कागदाच्या कडेला बोट ठेवलं. "हे काय हाय?"

पानाच्या कडेला ताज्या लेखांची नावं आपोआप यायची, तीही छापली गेली होती. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांत वर होतं 'गाठ'.

"वाचलंत तुम्ही?"

"न्हाय. बाई उघडाय लागलेल्या, मीच नको म्हटलं. तू यादीत घातलं न्हाईस, म्हंजे मला द्यायचं नव्हतं." त्यांनी कप खाली ठेवला. "दोऱ्याची गाठ हाय का, तेवढं सांग."

मी नाही म्हणून मान हलवली.

"कुठं?"

मी काखेजवळ हात नेला. आप्पा खिडकीकडे बघत राहिले. तिकडंच बघत म्हणाले, "तुझ्या आईनं दोन महिने मला सांगितलं नव्हतं."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही दोघं आईबद्दल बोलायचो, पण त्यांनी हे कधी काढलं नव्हतं.

रिपोर्ट येईपर्यंत ते राहिले. घासलेली भांडी पुन्हा घासायचे. फोन वाजला की उठून गॅलरीत जायचे आणि मी ठेवेपर्यंत आत यायचे नाहीत. मी कॉलेजातून आले की माझ्या तोंडाकडे बघायचे. आम्ही दोघंही तो शब्द उच्चारत नव्हतो.

गाठ साधी निघाली, चरबीची. आप्पांनी डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट दोनदा मराठीत सांगायला लावला. दुसऱ्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकाही ऐकत होत्या. मग आप्पांनी तिथंच भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, त्यांनाच काही होतंय.

पुढच्या महिन्याच्या यादीत मी तो मागचा लेखही घातला. दोन दिवसांनी फोन केला.

"कागद आणलेत?"

"आणलेत की. एक सोडून."

"का?"

"बाईंनी छापलावता. त्यांच्याकडंच ठेवा म्हटलं. वाचवंना मला."

मी यादी पुढंही करत राहिले, काही न गाळता. आईचं कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं. त्या दिवसाच्या आदल्या दिवशी आप्पा यायचे, जेवायचे, आणि शेजारच्या खोलीत रेडिओ न लावता बसून राहायचे. मीही मग वह्या तपासायच्या सोडून नुसती बसायचे.