बोटात गेलेले धागे

सुई डाव्या तर्जनीत गेली तेव्हा दुखलं असं काहीच नाही. हातमोज्याच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना दिसला, आणि मग लक्षात आलं की सिरिंज रिकामी नव्हती.

मी तेव्हा सोलापुरातच पीएच.डी. करत होते. मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिणारी. आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो. नवरा होटगीला रेल्वेत, त्याच्या ड्युट्या सारख्या बदलणाऱ्या, म्हणून मंद्रूपहून सासूबाई येऊन राहिल्या होत्या. त्या होत्या म्हणूनच मला बाळंतपणानंतर लॅबमध्ये परत जाता आलं.

माझं काम बेडकाच्या कातडीतल्या एका पेप्टाइडवर होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनासारखीच, पण आखूड साखळी. ऑस्ट्रेलियातला एक चिमुकला बेडूक जंतू मारण्यासाठी ते अंगावर सोडतो. आमच्याकडे बेडूक नव्हता, यंत्रावर बनवलेली पांढरी पूड यायची. ती द्रावणात ठेवली की साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि धागे तयार होतात. त्यांना अमिलॉइड म्हणतात. विसरण्याच्या आजारात माणसाच्या मेंदूत जे साठतं, तेही अमिलॉइडच.

आमच्या पेप्टाइडची खोड अशी की ते दोन रूपं घ्यायचं. जंतूच्या पापुद्र्याजवळ गेलं की प्रत्येक साखळी स्प्रिंगसारखी पिळली जायची आणि त्या स्प्रिंगांचा धागा व्हायचा. एरवी तीच साखळी सरळ, चपटी होऊन भाकऱ्यांच्या चवडीसारखी एकीवर एक बसत जायची. मेंदूतल्या धाग्यांची बांधणी ही अशी, चवडीची. शिवाय तयार धाग्याचा बारीक तुकडा नव्या द्रावणात टाकला की तो विरजणासारखा काम करायचा. हे मी रोज नळीत बघत होते.

आता सिरिंजमधलं ते विरजण माझ्या बोटात होतं. आणि कुठल्या रूपातलं, ते मला माहीत नव्हतं.

हात साबणाने धुतला, बोट पिळून रक्त काढलं आणि कुणाला काही न सांगता रिक्षाने घरी आले. मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, त्या दिवशी बैठकीत होत्या. खरं तर फोन करता आला असता. पण त्या काय म्हणतील, याचीच धास्ती वाटत होती.

दारातच मुलीने हात पसरले. मी मागे सरले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भुकेजलीय ती. घे की."

"आज दूध नको, आई. भाताची पेज द्या."

"का? काय झालं?"

बोटातलं ते दुधात उतरलं तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पोर पेज थुंकत होती आणि रडत होती. मला दूध दाटून आलं होतं, ब्लाउज ओला झाला होता. बोट आता लाल होऊन सुजलं होतं. मी ते पदराखाली लपवून मोरीत जाऊन उभी राहिले. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन मागोमाग आल्या.

"दाव ते बोट. काय लपवतीस?"

मग सांगितलं. बेडूक, धागे, मेंदू, सगळं उलटसुलट. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण मी बोलत असताना त्यांनी पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. मी ते बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"मला बी भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण गप बसून काय व्हनार हाय? तुजी ती मॅडम हाय न्हवं? इचार की तिला."

मी फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि कोणत्या नळीतलं होतं ते दोनदा विचारलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "सुईच्या टोकावर कितीसं आलं असणार? एवढ्याशा पेप्टाइडचे शरीर तुकडे करून टाकतं. आणि मेंदूतली साखळी वेगळी, ही वेगळी. बांधणी सारखी दिसली म्हणून एक दुसरीला ओढेलच असं नाही."

"नक्की नाही ना, मॅडम?"

"नक्की म्हणून मी नाही सांगणार. मला तसं वाटत नाही, एवढंच सांगते. सूज मात्र आधी डॉक्टरांना दाखव. ते पेशींना झोंबतंच."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "बेडूक चावला?" मग पुन्हा नीट ऐकलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "दूध पाजा. उपाशी ठेवू नका लेकराला."

घरी येऊन मी तिला घेतलं. ती इतक्या जोरात ओढत होती की मला रडू फुटलं. पाजताना माझं लक्ष सगळं तिच्या तोंडाकडे, जणू काही दिसणारच होतं. सासूबाई शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

सूज उतरली, भीती उतरली नाही. भाजीत मीठ विसरले की वाटायचं, सुरू झालं. शेजारणीच्या मुलाचं नाव आठवलं नाही, तर कामं सोडून आठवत बसायचे. मनातल्या मनात पाढे म्हणायचे.

त्याच नळीतला नमुना आम्ही मोठ्या मायक्रोस्कोपसाठी बाहेरगावी पाठवला होता. निकालाची फाइल आली, ती मला उघडवेना. मॅडमनी त्यांच्या टेबलावर उघडली. धागे चपटे होते. चवडीचेच, मेंदूतल्यासारखे. धाग्याचा आडवा छेद काढून दाखवला होता. मधोमध एक बिंदू आणि भोवती पंख्याच्या पात्यांसारखी पाती. इतकं रेखीव काही मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तेच माझ्या बोटात गेलं होतं.

मॅडमनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "तुझा फोन आला ना, त्या दिवशी मी जेवले नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत वाचत बसले होते. तुला जे सांगितलं, ते मला स्वतःलाच पटवायचं होतं."

"मग पटलं?"

"बरंचसं."

त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. आम्ही त्या चित्रासमोरच बसून जेवलो.