तो आवाज विनयचा नव्हता

भूत, बाधा, करणी असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती घरातली बाई आणि सैतानावर विश्वास नाही? तर नव्हता. माहेरी उपासना, नाताळ, उपवासकाळ सगळं नेमानं व्हायचं, पण सैतान म्हणजे आमच्यासाठी संडे स्कूलच्या चित्रातला शिंगवाला प्राणी. पुढे मी बी. फार्म केलं. अमरावतीत गाडगे नगरला माझं छोटंसं मेडिकल स्टोअर आहे. 'अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी चुकवू नका' असं दिवसभर लोकांना सांगणारी मी... त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं अवघडल्यासारखं होतंय.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, मात्र वेगळ्या. त्या तेव्हा अकोल्याला जुन्या शहरात राहायच्या, मोर्णा नदीपलीकडे, एका गल्लीतल्या दोन खोल्यांत. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. आईंच्या लेखी सैतान म्हणजे गल्लीतला एक उपद्रवी शेजारी. अंगण झाडता झाडता त्याच्याशी बोलायच्या – "आज कोनाच्या घरात घुसाले निंगाला रे तू? इथं जागा नाही, पुढं चाल." कुणाचं भांडण ऐकू आलं की तिथूनच हात वर करून प्रार्थना. विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, याची लाज वाटायची. तो शाळेत इतिहास शिकवतो, शांत माणूस. मला आपलं हसू यायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच नव्या भाड्याच्या घरात आलो होतो. पहिला मजला, मागे कडुलिंब, भरपूर उजेड. घरात काही वाईट घडलं होतं वगैरे काही नाही, ते मी आधीच सांगून टाकते. घरमालक खाली राहतात, साधी माणसं, आजही त्याच घरात आम्ही मजेत आहोत.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात भरीत करत होते. मागून विनय म्हणाला, "राहू दे. तुला जमणार नाही."

मी वळून पाहिलं तर तो बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसलेला. मी पुन्हा वांग्यांकडे वळले. पण मनाला लागलं. भरीत मला उत्तम जमतं, आणि तो असं कधी बोलत नाही.

मग हे होतच राहिलं. रोज नाही, पण अधूनमधून. मी दुकानातून आले की, "आली का मिरवून?" मी आरशासमोर उभी असले की, "काय पाहून राहिली स्वतःला?" नेहमी पाठीमागून किंवा शेजारच्या खोलीतून, आणि नेहमी त्याच्याच आवाजात. अगदी त्याची ती शब्द थोडा ओढायची सवयसुद्धा. सुरुवातीला वाटलं, कूलरच्या घरघरीत आपणच काहीतरी भलतं ऐकतो. मी एकदा विचारलंही, "काय म्हणालास?" तो म्हणाला, "काही नाही." मला वाटलं, बोलून नामानिराळा होतोय.

मी गप्प होत गेले. तोही गप्प होत गेला. मला वाटायचं की तो बोलतो ते बोलतो आणि वर रुसतो. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती, मूल नाही, पण त्यावरून आम्ही एकमेकांना कधी दुखवलं नव्हतं. आणि आता एका टेबलावर बसून आम्ही दोन भाडेकरूंसारखे जेवत होतो. मी मनातल्या मनात माहेरी जायची भाषा सुरू केली होती... हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मी विनयला म्हणाले, "त्यांना इकडेच आणू. ऑपरेशन इथे करू आणि मग राहू दे आपल्याकडेच."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला कळेना काय झालं.

"आता कशाला हे नाटक?" तो म्हणाला.

"कसलं नाटक?"

"तूच म्हणाली होतीस ना, 'तुझी आई या घरात पाय ठेवायची नाही'. एकदा नाही, कितीदा म्हणालीस. मी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही."

आईंबद्दल असा शब्द माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. मी शपथेवर सांगितलं. तो म्हणाला, "माझे कान खोटे आहेत का?" तेव्हा माझाही बांध फुटला. तो काय काय बोलला ते सगळं मी त्याला ऐकवलं, भरितापासून. तो म्हणाला, यातलं एक अक्षर मी बोललो नाही. अर्थातच, दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असंच वाटलं. शनिवारी तो बॅग घेऊन अकोल्याला निघून गेला.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं आणि काउंटरसमोर आई उभ्या. एका हातात पिशवी, एका हातात छत्री, डोळ्यांवर जाड चष्मा. एकट्याच एस.टी.नं आलेल्या.

"विनय म्हनते, तू म्हनाली का मी तुह्या घरात नको," त्या म्हणाल्या. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याची काही पर्वा नाही.

"आई, मी असं कधीच–"

"मले माहीत हाय. म्हनून तं आली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुले म्हनायचं असतं तं तू माह्या तोंडावर म्हनलं असतं. भेतेस काय तू मले?"

मला रडू आलं. गिऱ्हाइकाला क्रोसिन देता देता रडले मी. आपल्या नवऱ्यानं आपल्यावर विश्वास ठेवला नाही आणि सासूनं ठेवला, याचं काय करावं तेच सुचेना.

घरी आल्यावर आईंनी मला सगळं सांगायला लावलं. मधे एकदाही टोकलं नाही. मग म्हणाल्या, "सैतान काय शिंगं घेऊन येते काय, बाई? त्याले घर मोडायचं असन तं तो घरातल्याच मानसाचा आवाज घेऊन येते. दुसऱ्याचं कोन ऐकते?"

मी म्हणाले, "आई, आधी कान तपासू." त्या म्हणाल्या, "तपास ना. कानाले मी कुठी नाही म्हनतो?"

तपासले. विनय परत आला, आधी नाइलाजानं आला, आणि आम्ही दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशनही त्याच आठवड्यात झालं.

आणि मग तो रविवार. आम्ही तिघं उपासनेहून आलो होतो. टळटळीत दुपार, खिडक्या उघड्या, कूलर केव्हाच माळ्यावर गेलेला. मी ज्वारीची भाकरी आणि मटणाचा रस्सा केला होता. विनय माझ्या समोर बसलेला, आई मधे. विनयनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मी त्याच्याकडेच पाहत होते, त्याचा गळा हलताना मला दिसत होता. आणि त्याच वेळी त्याच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू आलं – "या बाईचं तोंड पाहायचा कंटाळा आला."

त्याच्या ओठांना ग्लास होता हो. पाणी पीत होता तो.

माझा घास तोंडातच राहिला. तेवढ्यात विनयनं ग्लास खाली ठेवला आणि तो माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. माझं तोंड भाकरीनं भरलेलं.

"तू आत्ता काही बोललीस?" त्यानं विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. घास कसाबसा गिळला. "तू?"

"मी पाणी पीत होतो."

"तुला काय ऐकू आलं?"

तो आईंकडे पाहून हळूच म्हणाला, "म्हातारीला घेऊन निघ... असं. तुझ्या आवाजात."

आई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. म्हणाल्या, "कोनी काई बोललं नाही. मी इथंच बसली हाय." त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं ते हायसं. कितीतरी महिने उराशी बाळगलेले ते सगळे शब्द... ते विनयचे नव्हते. समोर त्याचेही डोळे भरून आले होते. त्यानं टेबलावरून हात पुढे केला आणि माझा खरकटा हात धरला.

आई उठल्या. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही, डोळे मिटले नाहीत, तेल-पाणी शिंपडलं नाही. पदराला हात पुसले आणि दारात आलेल्या कुत्र्याला हाकलावं तितक्या सहज म्हणाल्या, "येशूच्या नावानं सांगतो तुले, निंग इथून. हे लेकरं माहे हायेत. समजलं?" मग बसल्या आणि मला म्हणाल्या, "रस्सा वाढ. थंडा होऊन राहिला."

त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला एक शिस्त लावली. मनाला लागेल असं काही ऐकू आलं तर रुसायचं नाही, सरळ जाऊन विचारायचं. आणि रोज एकमेकांना एक तरी चांगलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं. "त्याले बोलाले जागाच ठेवू नका." विनयला हे फार अवघड गेलं. पहिल्या दिवशी तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे." मी इतकी हसले की घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, काय झालं.

तो आवाज त्यानंतरही एकदोनदा आला, दबका. आम्ही एकमेकांना विचारायचो आणि मोकळे व्हायचो. शेवटचा प्रसंग हिवाळ्यातला. आईंचं राहिलेलं सामान आणायला विनय आणि आई अकोल्याला गेले होते. मी दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी आले. कुलूप माझ्याच हातानं उघडलं. चप्पल काढत होते, तर आतल्या खोलीतून विनयचा आवाज – "तू एकटीच मरशील."

अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण मी आतल्या खोलीत गेले. ऊन पलंगावर पडलं होतं, कोणी नव्हतं. मी तिथेच उभी राहून विनयला फोन लावला. तिकडून भांड्यांचा खणखणाट, आईंचं कुणालातरी 'परात नीट धर' वगैरे. मी विनयला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी संध्याकाळी येतोय. आणि ऐक, तुझ्याशिवाय इथे करमत नाहीये." शाळामास्तरानं हे आईसमोर म्हटलं, म्हणजे बघा. मग मी आयुष्यात पहिल्यांदा, त्या रिकाम्या खोलीत, आईंसारखं मोठ्यानं म्हणाले, "निघ इथून." माझाच आवाज मला वेगळा वाटला. मग पान वाढून घेतलं आणि जेवले.

त्यानंतर आजपर्यंत काही नाही.

आई आता आमच्याकडेच असतात. सकाळी माझ्या दुकानात येऊन बसतात, औषधं घ्यायला आलेल्यांच्या घरच्या भानगडी ऐकतात आणि न विचारता त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मला आता हसू येत नाही.

मी हे माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, तणावात मेंदू ओळखीचा आवाज तयार करतो. असेलही. पण दोघांचे मेंदू एकाच टेबलावर, एकाच क्षणी, वेगवेगळी वाक्यं कशी तयार करतील, ते तिलाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. तो सैतान होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आणि नव्हता असंही आता म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. त्यानं विनयचा आवाज काढला, माझा काढला. आईंचा कधीच काढला नाही. त्यांच्या आवाजात तर आमच्यात सहज आग लावता आली असती. परवा शेंगा सोलताना मी त्यांना हे विचारलं.

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"मले काय माहीत, बाई," त्या म्हणाल्या. "भेला असन. मी बोलाले लागली का थांबत नाही ना."