दोन्ही अंगांनी वाळवलेला समुद्र

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत चित्रांचा क्लास निघाला आणि पन्नाशीत मी समुद्रकिनारा काढायला बसले. तोही साधा नाही, हाताला लागेल असा, उठावाचा. कॅनव्हासवर पांढरी पुट्टी थापायची, बोथट सुरीने लाटा नि वाळू उठवायची, आणि वाळली की रंग द्यायचा.

शिकवणारी मुलगी कोकणातली, समुद्राकाठी वाढलेली. माझ्या लाटा तिने पास केल्या, वाळू मात्र तिला पटेना. "काकू, हा शिरा झालाय," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की रागावताही यायचं नाही. एकदा तरी तिच्या तोंडून माझ्या वाळूला 'वा' म्हणवून घ्यायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

वाळू खरवडून पुन्हा थापली आणि कॅनव्हास गच्चीवर नेला. तिथे जुन्या सुती साडीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या आणि त्या काठी घेऊन कावळ्यांवर पहारा देत होत्या. त्यांचं आयुष्य विंचूरकडे कांद्याच्या शेतात गेलेलं. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. "आई, ह्याच्यावरही जरा लक्ष ठेवा," असं सांगून मी खाली आले.

त्यांनी फारच लक्ष ठेवलं. दुपारी कुरडया उलटल्या, तेव्हा माझा समुद्रही उलटला. मी वर गेले तर तो साडीवर पालथा पडलेला.

"आई, अहो हे काय केलंत!"

"मंग? एकाच अंगानं वाळतं व्हय? लय ओलं व्हतं ते."

मला रडूच आलं. लाटा आधीच टणक झालेल्या, म्हणून वाचल्या. वाळूभर मात्र साडीच्या चुण्या उमटल्या होत्या. पुन्हा थापायचं त्राण नव्हतं, म्हणून तशीच रंगवली.

क्लासमध्ये ती मुलगी चित्राकडे बघतच राहिली. "वा, काकू! लाट मागे गेली की ओल्या वाळूवर अश्शाच रेघा राहतात. कशा काढल्यात?"

इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो 'वा' आला, पण नेमका सासूबाईंच्या वाट्याचा. खरं काय ते सांगून टाकलं. सगळा क्लास हसला, आणि घरी येऊन मी हे सासूबाईंनाही सांगायचा शहाणपणा केला.

आता चित्र हॉलमध्ये लावलंय. आल्यागेल्याला त्या हाताला धरून तिथवर नेतात, वाळूवर बोटं फिरवायला लावतात.

"वाळू माझी हाय," त्या म्हणतात. "पाणी हिनं केलंय. ते जरा कच्चं राह्यलं."