मनगटावरचा थेंब

वैद्यांकडे येणारी माणसं खांदे आखडून येत आणि जाताना हात मोकळे सोडून जात. नाव वैद्यांचं व्हायचं, राबायच्या वहिनी. मागच्या खोलीत तेल कोमट करायचं, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायचं, मग टांगलेल्या भांड्यातून रोग्याच्या कपाळावर धार सोडायची. लग्न झाल्यापासून हेच. त्यांच्या उशीला, लेकीच्या शाळेच्या वह्यांनाही तेलाचा वास असायचा. लेक सासरी गेली, वास राहिला.

हिवाळ्यात वहिनींच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पुढं मुंग्याही थांबल्या आणि हात बधिर झाला.

“अहो, जरा माझा हात बघता का?”

“वात असेल. तेल लाव.” वैद्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही.

“दिवसभर तेलातच तर असतो.”

“मग चिंता सोड. निम्मं दुखणं मनाचंच असतं.”

रोग्याचं रडगाणं ते अर्धा अर्धा तास ऐकायचे. बायकोची बोळवण एका वाक्यात व्हायची. वहिनींनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं, तर म्हणाले, “आज गर्दी आहे गं.”

त्या गर्दीत मुख्याध्यापिका होत्या. झोप उडालेली, मान धरलेली.

“तुमचं बरंय वहिनी,” टेबलावर आडव्या होत त्या म्हणाल्या, “घरातच वैद्य! दुखायची हिंमत तरी होते का अंगाची?”

वहिनी हसल्या. सवयीनं उजव्या मनगटावर थेंब टाकला. काही जाणवलं नाही, म्हणजे कोमटच असणार. त्यांनी धार सोडली.

बाई किंचाळल्या.

वैद्य धावत आले. त्यांनी वहिनींचं मनगट पकडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वहिनींनी नकळत तळवा वर केला, नाडी बघतील म्हणून. वैद्यांनी तो हात भांड्यापासून ओढून बाजूला लोटला.

“लक्ष कुठं असतं तुझं?”

मग बाईंच्या लालबुंद कपाळावर गार पाण्याची घडी ठेवून ते स्टुलावर बसले, त्यांच्या नाडीवर तीन बोटं टेकली, आवाज मऊ केला. “घाबरू नका. सावकाश श्वास घ्या. काय होतंय ते सगळं सांगा मला.”

वहिनी खाली बसून सांडलेलं तेल पुसू लागल्या. थेंब पडला होता तिथं मनगटावर फोड आला होता. तो नुसता दिसत होता.

“हिचं हल्ली चित्त थाऱ्यावर नसतं,” वैद्य बाईंना सांगत होते.