मोळभर मोगरा

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं मला विचारलं, "आजी, मी खरंच तुझ्याकडे राहिले होते?" म्हणून आजच लिहायला बसले. माझं शिक्षण इंग्रजीतलं, त्यामुळे मराठी सावकाश लिहिते, पण लिहिते नीट.

तुमच्या आईच्या ऑफिसनं तिला वर्षभरासाठी परदेशातून बेंगळुरूला पाठवलं आणि तुम्ही चौघं एचएसआर लेआउटमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये आलात. दादा, तू सात वर्षांचा होतास, धाकटी साडेतीनची. आईबाबांसाठी हे घरी परतणं, पण तुमच्यासाठी हाच परदेश. मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं होतं. तू ते पाळायचास आणि रोज विचारायचास, "परत कधी जायचं?"

तिसऱ्या आठवड्यात तुमची आई मला म्हणाली, "महिनाभर बघू. नाही रमला दादा, तर बाबा दोघांना परत घेऊन जाईल. मी एकटी राहीन." वर्षभर घर असं तुटायला नको होतं मला.

त्याच दिवशी संध्याकाळी आपण तिघं खाली मोगरा आणायला गेलो. कोपऱ्यावरची फुलवाली अक्का गजरा मोळानं विकते. मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि तेही तिच्याच हाताचं. तू उभा राहून बघत होतास. दुसऱ्या दिवशी माझी शिवणाची टेप घेऊन आलास आणि तिचा हात मोजलास.

"आजी, हिचा मोळ लहान आहे. हे फेअर नाही."

मी तिला कन्नडमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "सरी, बरं. मग तुझ्या हातानं मोजू का, पुट्टा, बाळा?"

"हो," तू ऐटीत म्हणालास.

तिनं तुझ्या हातानं मोजलं, तोडलं आणि पुडी हातात दिली. पायऱ्या चढताना तुझ्या लक्षात आलं. धाकटी पुडी उघडून म्हणाली, "दादानं छोटा आणला."

तिसऱ्या दिवशी तू मलाच ओढत नेलंस. "आजीच्या हातानं मोज." माझे हात लांब. अक्कानं कपाळाला हात लावला. "अज्जी, हा माझं दुकान बंद करणार," ती म्हणाली, पण मोजून दिलं.

मग तुला थांबवणं कठीण झालं. सर्वांत लांब मोळ कुणाचा? टेप घेऊन तू दारोदार. वॉचमन अण्णा, दुसऱ्या मजल्यावरचे नागपूरचे काका, त्यांची सून, दूधवाला. बेल वाजवून "मोळ प्लीज" म्हणायचास, आणि मागे धाकटी सगळ्यांना आपलाही हात दाखवायची. माझं वेळापत्रक बारगळलं. मला इतका आनंद झाला होता, की मी ते काढूनच टाकलं.

महिना भरला. बाबांनी लॅपटॉपवर तिकिटं उघडली आणि तुला जवळ बोलावलं. "बोल, जायचं का?"

तू टेप गुंडाळत होतास. "आत्ता नाही. चौथा मजला राहिलाय."

आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाबांनी लॅपटॉप मिटला. तुम्ही चौघं पूर्ण वर्ष राहिलात.

चौथ्या मजल्यासकट सगळे हात तू बाल्कनीच्या दारावर पेन्सिलीनं आखलेस. सर्वांत लांब निघाला वॉचमन अण्णांचा, सर्वांत छोटा धाकटीचा. त्या तेवीस रेघा अजून तिथे आहेत.