उमापूरसाठी राखलेली काच

दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी दौलतराव दुकानात जाजम अंथरत, आपले तिन्ही कॅमेरे त्यावर ओळीने मांडत आणि समोर मांडी घालून बसत. मग एकेकाला विचारत, "बोल बे, येतो का?" बीडच्या बाजारात त्यांचे दुकान होते. निजामाच्या अमदानीत जिल्ह्यात फोटो काढणारे थोडे होते. अंमलदार दौऱ्यावर निघाले की बोलावणे बहुधा दौलतरावांनाच येई.

कॅमेऱ्यांना त्यांनी नावे दिली होती. थोरला सागवानी, तिवईवर उभा राहणारा. त्यात काचेची प्लेट लागे. दौलतराव तिला नुसती काच म्हणत. मधला घडीचा, फिल्मच्या गुंडाळीवर चालणारा. धाकटा म्हणजे चौकोनी काळा डबा, आणि त्यात काहीच नसे. जत्रेत, दौऱ्यात जो तो 'माझा काढा' म्हणून मागे लागे. अशांवर धाकटा रोखायचा, कळ दाबायची आणि पुढे जायचे. नारायणगडच्या जत्रेत मी हे अनेकदा पाहिले. माणसे खूश होऊन जात. फोटो मागायला कोणी बीडपर्यंत येत नसे.

"सरकारला न्हाई म्हणायचं न्हाई, अन् रयतेलाबी न्हाई म्हणायचं न्हाई," ते सांगत. "म्हणून तर तीन लागत्यात. धाकटा पोटानं रिकामा, पर मनानं लई मोठा."

थोरल्याचा नियम मात्र कडक होता. "थोरल्याला लबाडी चालत न्हाई. त्याच्या म्होरं बसला तो बसला, मग भिकारी असो का नवाब." एकदा कोणी थट्टेत म्हणाले, थोरलाही रिकामा चालवून बघा. दौलतराव उसळले. "कावून? बापाला खोटं बोलायला लावता का बे?"

मी तेव्हा संस्थानाबाहेरच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. दौलतराव मला 'अकबारवाले' म्हणत. कोणतीही बातमी सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डोळ्यानं बघितली का ऐकली?" तो प्रश्न मी त्यांच्याकडून घेतला आणि पुढे आयुष्यभर वापरला.

नव्या तहसीलदारांचा मुक्काम गेवराईला पडणार होता. दौलतरावांना तिथे जायचे होते. तिथून पुढे उमापूरला माझे वडील, आबा, राहत. त्यांची मेंढरे होती. आई फोटोशिवाय गेली होती, आणि वडिलांचा खोकला हिवाळा सरला तरी थांबला नव्हता. त्यांचा एक फोटो असावा, एवढीच माझी मागणी होती.

जाजमावर तिघे मांडलेले होते. दौलतरावांना थोरला घरी ठेवायचा होता. तहसीलदाराला मधला पुरेल. थोरला, तिवई आणि काचांची पेटी घेतली तर गाडीत दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

"आबांचा मधल्यानं काढणार?" मी विचारले.

त्यांनी थोरल्यावरून हात फिरवला. मग मधला उचलून फळीवर ठेवला. "ठरलं. मधला घरी. थोरला अन् धाकटा येतील." काचा मोजक्याच घेता येणार होत्या. काच ज्या लाकडी चौकटीत बसवतात, तशा एका चौकटीला त्यांनी माझ्यासमोर लाल दोरा बांधला. "ही उमापूरची. साहेबाची बेगम रडत बसली तरी सुटायची न्हाई."

मी परस्पर उमापूरला गेलो. दौलतराव गेवराईचे काम आटोपून आले, तेव्हा वडील आंघोळ करून, नवा फेटा बांधून पाटलांकडून आणलेल्या खुर्चीवर बसले होते. दौलतराव काळ्या कापडात डोके घालून राहिले ते निघेचनात.

"आत काय करतंय हे? झोपलं का?" वडील म्हणाले. जमलेले लोक हसले.

"आबा, हलू नका. तीन म्हणोस्तवर खोकायचं न्हाई."

लाल दोऱ्याची चौकट कॅमेऱ्यात जाताना मी डोळ्यांनी पाहिली. दौलतरावांनी भिंगावरचे टोपण काढले, सावकाश तीन मोजले, टोपण लावले. त्यानंतर वडिलांना जी उबळ आली, ती पाणी दिल्यावरच थांबली. "लई अवघड काम हाय बाबा, गप बसणं," ते म्हणाले. मेंढरांना हाक मारत आयुष्य गेलेला माणूस तो.

काही दिवसांनी दौलतराव माझ्याकडे एक फडके घेऊन आले. त्यात काळपट काचेचे तुकडे होते. "गाडीनं घात केला, अकबारवाले. आबाला म्हणावं, पुन्यांदा बसवू." मी तुकडे उमापूरला नेऊन दाखवले. वडिलांनी एकेक तुकडा उन्हात धरला. "ह्याच्यात माझं नाक कुठं हाय?" असे विचारत बराच वेळ शोधले. शेवटी एक तुकडा निवडला, हा आपला फेटा आहे असे ठरवले आणि कोनाड्यात ठेवला. पुन्हा बसण्याचा योग आला नाही. पावसाळ्यात ते गेले. तुकडा कोनाड्यातच होता.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दौलतराव पुन्हा दौऱ्यावर निघणार होते, म्हणून मी दुकानात गेलो. ते पडद्यामागे होते. जालन्याचा एक फोटोवाला पाहुणा आला होता आणि जाजमावरची निवड चालू होती. दर्शनी भिंतीवर तहसीलदारांच्या काळ्या घोड्याचा फोटो लावलेला होता. गेवराईला काढलेला, दुकानातला सर्वांत चांगला. मी त्यापुढे उभा होतो.

"थोरला रिकामा चालवायला हातोटी लागते," आतून दौलतरावांचा आवाज आला. "एकदाच केलंय. साहेब ऐनवेळी म्हणला, माझ्या घोड्याचा काढ. राखलेली एकच काच उरलती. घोड्याला न्हाई म्हणावं का? दोरा सोडला, रिकाम्या चौकटीला बांधला, अन् उमापूरला गेलतो."

"अन् तिथं?"

"तिथं काय? घोडा हलला न्हाई, तसा म्हाताराबी हलला न्हाई."

पाहुणा हसला. ही बातमी मी ऐकली होती, पाहिली नव्हती. म्हणून पडदा बाजूला करून आत गेलो. दौलतरावांचा चेहरा पाहिल्यावर पुराव्याची गरज उरली नाही.

"ते तुकडे कुणाचे होते?" मी विचारले.

"असतील कुणाचे तरी. खराब निघालेल्या काचेचे." ते जाजमाकडे बघत होते. "आबा आंघोळ करून, फेटा बांधून बसलता. त्याला काचा संपल्या म्हणून सांगू?"

"सांगायचं."

"नारायणगडावर तुमीबी हसत व्हता की, अकबारवाले."

"तिथे धाकटा होता. आणि दोरा तुम्ही माझ्यासमोर बांधला होता."

पाहुण्याने उगाच मधल्याची घडी उघडून मिटली. मी बाहेर पडलो आणि त्या दुकानात पुन्हा गेलो नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर घोडा नव्हता, असे मला इतरांनी सांगितले.

डोळे अधू झाल्यावर दौलतरावांनी दुकान मोडले आणि ते लेकीकडे दिंद्रुडला गेले. तिथेच वारले. त्यानंतर त्यांचा जावई एक गुंडाळी घेऊन माझ्याकडे आला. "मामांनी तुमालाच द्या म्हणून सांगितलतं," एवढेच तो म्हणाला. चिठ्ठी नव्हती. आत घोड्याची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, होती, तिला लाल दोरा बांधलेला.

मी ती ठेवून घेतली. वडिलांच्या नावाची आमच्या घरात तेवढीच वस्तू आहे. उजेडात धरली की तो काळा घोडा पांढरा दिसतो. मान ताठ, कान उभे, जरासुद्धा हललेला नाही. वडीलही हलले नव्हते.