रातपाळीवाल्याच्या घरी मुक्काम

द्वारका, सोमनाथ, कच्छ असं मनसोक्त हिंडून मी सुरतेला उतरले, तेव्हा मला आणखी देव नको होते आणि लॉजवरची गोड डाळ तर त्याहून नको होती. सोबतची मंडळी पुढे गेली. मी लिंबायतला बालमैत्रिणीकडे गेले. आम्ही दोघी जळगावकडच्या एकाच गावच्या, घरची बोली अहिराणी. लग्न होऊन ती इथे आली, नवरा कापडाच्या लूमच्या कारखान्यात. राहायला एक खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा, वर सगळ्या भाडेकरूंची मिळून एक गच्ची. दारातच तिने माझी पिशवी ओढून घेतली आणि परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं. मी एकदा 'नको गं' म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं. 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण मला चांगली पाठ आहे, पण ती दुसऱ्यांना ऐकवण्यापुरती.

दाजींची तेव्हा रातपाळी होती. सकाळी ते घरी यायचे, आंघोळ करायचे, चहासोबत भाकरी खायचे आणि पिशवी काखोटीला मारून पुन्हा बाहेर पडायचे. "तुम्ही बठा ताई, माले काम शे," म्हणायचे. मी मैत्रिणीला विचारलं, हे झोपतात कधी? ती म्हणाली, "त्या कारखानामाच झोपतस. तठे खोली शे." मी लगेच मान डोलावली. आपल्या सोयीचं असलं की माणूस जास्त चौकशी करत नाही. मग त्यांच्या खाटेवर मांडी घालून आम्ही दिवसभर गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो, हसून हसून बेजार व्हायचो. दुपारी मी त्याच खाटेवर आडवी व्हायचे आणि चांगली घोरायचे.

मग एकदा पर्वत पाटियाला साड्या बघायला गेलो. परतताना रिक्षा गर्दीत अडकली. शेजारी एका देवळाचा मंडप होता आणि तिथे फरशीवर पाच-सहा माणसं आडवी पडली होती. त्यांत दाजी होते. पिशवी डोक्याखाली घेतलेली, तोंड उघडं, चेहऱ्यावर माश्या. रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तीही तिकडेच बघत होती. पण दुसऱ्याच क्षणी तिने मान वळवली आणि समोरच्या दुकानातला फडफडणारा जांभळा पदर मला दाखवायला लागली. मीही म्हणाले, "छान आहे."

रात्रभर धडधडत्या यंत्रापुढे उभं राहणारा माणूस माझ्यामुळे दिवसा फरशीवर पडत होता. यंत्रापुढे डुलकी लागली तर हात जायचा. त्यांच्याच चाळीतल्या एकाचा गेलेला मी येता-जाता बघत होते. मला माझीच किळस आली. घरी पोचल्यावर म्हणाले, "मी उद्याच निघते." मैत्रिणीचे डोळे भरून आले. "मना घरमा काय कमी पडनं तुले?" आता काय सांगणार? दाजींना मंडपात पाहिलं म्हणाले असते, तर तिने इतक्या जिवापाड झाकलेलं मी उघडं केलं असतं. कारण न सांगता गेले असते, तर ती जन्मभर आपल्या पाहुणचारात खोट शोधत बसली असती.

म्हणून मी शहाणपणा केला. निघणं आणखी एक दिवस पुढे ढकललं. पलसाण्याला नात्यातली बाई आहे, तिला भेटून संध्याकाळी येते, अशी थाप मारली आणि सकाळी दाजी कामावरून यायच्या आत घर सोडलं. पलसाण्याला माझं कुणी नाही. उधन्याच्या स्टेशनवर बाकावर बसून राहिले, शेंगदाणे खाल्ले, उकाड्याने जीव नकोसा झाला. पण आज ते आपल्या खाटेवर झोपले असतील या विचाराने बरं वाटत होतं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली.

संध्याकाळी परतले तर जिन्यातच धूर. खोलीत शेजारच्या बायका, परातीत कणीक, पातेलंभर पुरण, खाटेवर सगळीकडे पसरलेले मोठाले मांडे. गच्चीवर चूल पेटवून त्यावर खापर पालथं घातलेलं, आणि मैत्रीण घामाने निथळत हातावर मांडा फिरवत होती. "बरं झायं तू गयी," ती आनंदाने म्हणाली, "घरमा ऱ्हाती ते इतला घाट घालू देती नही. सकाळपाईन लागेल शेतस आम्ही समद्या."

"आणि दाजी?"

"त्या? त्या गयात ना सकाळीच. काम व्हतं."

मी खाली गेले आणि खाटेवरचे मांडे गोळा करायला लागले.

पाळीवर जायच्या आधी दाजी जेवायला आले. डोळे लाल. माझ्यासमोर बसले, मांड्याचा तुकडा कटाच्या तिखट रशीत बुडवला आणि घास हातात असतानाच त्यांची मान खाली गेली. मैत्रीण एकदम मोठमोठ्याने द्वारकेचं विचारू लागली. मीही तितक्याच मोठ्याने सांगू लागले. समुद्र, पायऱ्या, गर्दी, जे सुचेल ते. मध्येच दाजी दचकून जागे झाले आणि म्हणाले, "वाढ वं, ताईसले वाढ." तिने वाढलं. मी खाल्लं. मांडे फार सुरेख झाले होते, आणि मला त्याचीही लाज वाटली. आज कामावर जाऊ नका, एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. ते पिशवी घेऊन गेले.

पहाटे निघाले तेव्हा ते परतले नव्हते. गाडी सुटली, बारडोली मागे पडलं, तरी मला चैन पडेना. दाजी आले का, ते विचारायला शेवटी फोन लावला.

"उनात का वं दाजी?"

"उनात," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "झोपनात." घरी आले होते, आणि झोपलेही होते.

डब्यात पोरांचा गोंगाट होता, चहावाला ओरडत होता. तरी मीही तोंडावर हात धरून कुजबुजले, "बरं, ठेवते."